आरव्हीतली लिथियम बॅटरी: आधी टेबलावर तपासा, मग गाडीत बसवा

आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, लिथियम बॅटरी बसवायची ठरली की बहुतेक जण थेट पाना हातात घेतात. जुनी लेड-ॲसिड काढायची, त्याच जागी नवी ठेवायची, त्याच वायरी आवळायच्या, दिवे लागले की काम झालं. दिवे लागतातच. कटकट पुढे सुरू होते. कडाक्याच्या थंडीत चार्जिंग बंद पडतं, केटल लावली की इन्व्हर्टर गप्प होतो, एखादा लग (केबलच्या टोकाला दाबलेला धातूचा जोड) हात लावू देत नाही इतका तापतो. तोवर बॅटरी सीटखाली पट्ट्यांनी जखडलेली असते, आणि दोष बॅटरीचा, वायरीचा की सेटिंगचा हे शोधायला सगळं पुन्हा उचकटावं लागतं.

म्हणून दोन तपासण्या कधीही चुकवू नका. पहिली बॅटरी टेबलावर असताना करायची: सांगितलेली क्षमता ती खरोखर देते का? दुसरी बॅटरी गाडीत बसल्यावर, पूर्ण लोड चालू असताना: प्रत्येक जोड किती व्होल्ट खातो? दोन्हींची उत्तरं आकड्यांत मिळतात, आणि ते आकडे वहीत उतरवून ठेवले की पुढे कित्येक वर्षं उपयोगी पडतात.

इथे सगळं लिहिलंय ते १२ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरीबद्दल. आरव्हीसाठी हाच प्रकार घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. यातल्या फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे फोन-लॅपटॉपमधल्या बहुतेक लिथियम बॅटऱ्यांच्या तुलनेत ही भडकण्याची शक्यता बरीच कमी असते. ज्या गाडीत आपण झोपतो, तिथे ही गोष्ट वजनापेक्षा मोठी.

आधी व्होल्टेज समजून घ्या

एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा. असे चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात. चार्ज करताना एका सेलची वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणजे पूर्ण बॅटरीची १४.६. खालची मर्यादा साधारण २.५, म्हणजे १० व्होल्ट. या मर्यादा सांभाळण्याचं काम आत बसलेला सर्किट बोर्ड, म्हणजे बीएमएस करतो. एखादा सेल मर्यादेबाहेर गेला, करंट जास्त झाला किंवा तापमान बिघडलं की तो बॅटरी तोडतो.

लेड-ॲसिडवर वाढलेल्या माणसाची फसगत होते ती मधल्या भागात. पूर्ण भरलेली एलएफपी चार्जर काढून तासभर शांत ठेवली की १३.४ ते १३.६ दाखवते. तिथून अर्ध्याहून अधिक रिकामी होईपर्यंत आकडा जेमतेम काही दशांश व्होल्टने खाली येतो. लेड-ॲसिड १२.८ दाखवत असेल तर ती भरलेली असते. एलएफपी विनालोड १२.८ दाखवत असेल तर तिच्यात पाचव्या हिश्शाच्या आसपासच उरलेलं असतं. म्हणून किती शिल्लक आहे हे व्होल्टमीटरवरून ठरवायचं नाही. त्यासाठी शंट लागतो. तो आत गेलेला आणि बाहेर पडलेला करंट मोजून हिशोब ठेवतो. टेबलावरच्या चाचणीलाही हाच शंट वापरायचा असल्याने तो बॅटरीबरोबरच मागवा.

खोक्यातून काढल्यावर

केस फुगलेली किंवा चिरलेली नाही ना, टर्मिनल हलत नाही ना, हे पाहा. सीरियल नंबरचा फोटो काढा. वजन काट्यावर घालून माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून बघा. मोठी तफावत असेल तर आत लिहिलेत त्यापेक्षा लहान सेल असू शकतात.

मग मल्टिमीटर लावा. नवी बॅटरी साधारण अर्धवट चार्ज करून पाठवतात, त्यामुळे १३ ते १३.३ दिसणं ठीक. शून्य किंवा एखाद-दोन व्होल्ट दिसले तर घाबरू नका. बीएमएस झोपेत गेलेला असू शकतो. लिथियम जागं करण्याची सोय असलेला चार्जर लावला की बहुतेक वेळा तो उठतो. उठलाच नाही तर बॅटरी उघडायच्या भानगडीत न पडता परत पाठवा.

ब्लूटूथची सोय असेल तर ॲपमध्ये चारही सेलचे व्होल्टेज पाहा. अर्धवट चार्ज असताना त्यांच्यात १०-२० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. मात्र हा आकडा बघून हुरळू नका. मधल्या भागात सगळेच सेल सारखे दिसतात. खरे रंग टोकांना दिसतात, अगदी भरताना आणि अगदी रिकामे होताना.

पहिलं चार्जिंग

हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण टर्मिनलवर आडवा पडलेला पाना किंवा अंगठी क्षणात लाल होते. वापरणार असाल त्या पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

१०० अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर २० अँपिअरने, १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज करा. १४.४ गाठल्यावर करंट आपोआप उतरत जातो. तो ५ अँपिअरच्या खाली आला की बॅटरी भरली असं धरा.

कधीकधी नवी बॅटरी १४.४ गाठण्याआधीच चार्जिंग तोडते. ॲपमध्ये पाहिलं तर एक सेल ३.६५ वर पोचलेला आणि बाकीचे ३.४ च्या आसपास रेंगाळलेले दिसतात. याला असंतुलन म्हणतात, आणि बहुतेकदा ते दुरुस्त होतं, फक्त धीर लागतो. बीएमएस भरलेल्या सेलमधला करंट थोडाथोडा जाळून बाकीच्यांना वाट बघायला लावतो, पण हे जाळणं बहुतेक बोर्डांत काही दहा मिलिअँपिअरचंच असतं. समजा एक सेल २ अँपिअर-तासांनी पुढे आहे आणि बीएमएस ५० मिलिअँपिअरने जाळतो, तर ४० तास लागणार. अशा वेळी चार्जर १३.८ ते १४ व्होल्टवर आणा, करंट कमी करा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग १४.२, मग १४.४. दरवेळी सेलमधला फरक लिहून ठेवा. तो कमी होत असेल तर बॅटरी चांगली आहे. दोन-तीन दिवसांनंतरही ढिम्म हलत नसेल तर वॉरंटीचा कागद बाहेर काढा.

क्षमतेची चाचणी

चाचणी साधी आहे, वेळ मात्र खाते. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी तासभर शांत ठेवा. खोलीचं तापमान २५ अंशांच्या आसपास असलं तर उत्तम, कारण गारठ्यात क्षमता कमी दिसते. निगेटिव्ह टर्मिनलला शंट, पॉझिटिव्हला फ्यूज, आणि पुढे लोड. टेबलावरच्या कामातही फ्यूज हवाच.

लोड किती? १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला २० अँपिअर. इलेक्ट्रॉनिक लोड असेल तर तो लावा. नसेल तर छोट्या इन्व्हर्टरवर २५० वॅटच्या आसपासचा हीटर किंवा तेवढेच जुन्या पद्धतीचे बल्ब चालतात. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, पण आपण त्याच्याआधी, शंटवर मोजतो आहोत, त्यामुळे हिशोब बिघडत नाही. शंटचा काटा शून्यावर आणा, लोड चालू करा आणि दर अर्ध्या तासाला व्होल्टेज, अँपिअर-तास आणि केसचं तापमान लिहा. हे साडेचार ते पाच तासांचं काम आहे आणि त्या काळात बॅटरी एकटी सोडायची नाही.

तासन्‌तास आकडा १३ च्या आगेमागे घुटमळताना दिसेल. मग १२.५ च्या खाली आला की तो भराभर कोसळायला लागतो. या शेवटच्या पंधरा मिनिटांत ॲपकडे डोळे लावून बसा. सगळे सेल एकत्र खाली येत असतील तर जुळलेले आहेत. एकच सेल कळप सोडून आधी २.५ कडे धावत असेल तर तोच कमकुवत, आणि पूर्ण बॅटरीची क्षमता त्याच्याइतकीच. इन्व्हर्टर १०.५ वर बंद झाला किंवा बीएमएसने तोडलं की शंटवरचा आकडा टिपा. १०.५ आणि १० यांच्या मधे जवळजवळ काहीच उरलेलं नसतं, त्यामुळे दोन्ही चालतं.

छापलेला आकडा १०० असेल तर १०० किंवा वर यायला हवं. ९५ ते १०० आले आणि खोली गार होती, तर मी पुन्हा एकदा चार्ज करून बघेन. उबदार खोलीत दोनदा ९५ च्या खाली आले तर बॅटरी परत जाते. वॅट-तासही लिहा, १०० अँपिअर-तास गुणिले १२.८ म्हणजे १२८० च्या जवळपास दिसायला हवेत. चाचणी संपल्यावर बॅटरी लगेच चार्जला लावा. रिकामी पडून राहणं तिला अजिबात मानवत नाही.

याच बैठकीत अंतर्गत रोधही काढून घ्या. बॅटरी अर्धी असताना ५ अँपिअरच्या लोडवर व्होल्टेज टिपा, मग एकदम ५५ अँपिअरचा लोड देऊन काही सेकंदांत पुन्हा टिपा. समजा १३.२० वरून १२.९० झाले, तर ०.३० भागिले ५० म्हणजे ६ मिलिओहम. या आकड्याची खरी किंमत दोन वर्षांनी कळते, जेव्हा तीच चाचणी त्याच तापमानाला करून दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतात.

थंडीतलं चार्जिंग

शून्य अंशाच्या खाली एलएफपी डिस्चार्ज करता येते, चार्ज करता येत नाही. गार सेलमध्ये लिथियम आत शिरण्याऐवजी ग्राफाइटवर धातूच्या थराच्या रूपात साचतं. ते नुकसान परत भरून येत नाही आणि बाहेरून दिसतही नाही. चांगला बीएमएस सेलचं तापमान बघून चार्जिंग रोखतो, पण सगळ्या स्वस्त बॅटऱ्यांत ही सोय असतेच असं नाही. ॲपमध्ये कमी तापमानाची मर्यादा दिसते का पाहा. नसेल तर विक्रेत्याकडून लेखी घ्या. शिवाय सोलर कंट्रोलरला बॅटरीजवळचा तापमान सेन्सर लावून ५ अंशांखाली चार्जिंग बंद असं सेट करा. बॅटरी गाडीच्या आतल्या, राहत्या भागात ठेवता आली तर हा प्रश्न निम्मा सुटतो. इंजिनाजवळ किंवा हीटरच्या तोंडाशी मात्र ठेवू नका. जास्त उष्णतेने तिचं आयुष्य कमी होतं.

दोन बॅटऱ्या समांतर जोडताना

त्या एकाच बनावटीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जोडण्याआधी प्रत्येक वेगळी पूर्ण चार्ज करा. दोन्हींचं व्होल्टेज सारखं आहे एवढ्यावर भागत नाही, कारण मधल्या भागात ८० टक्के आणि ५० टक्के भरलेल्या बॅटऱ्याही जवळजवळ सारख्याच दिसतात.

इन्व्हर्टरची पॉझिटिव्ह केबल पहिल्या बॅटरीला आणि निगेटिव्ह शेवटच्या बॅटरीला लावा, म्हणजे करंटला दोन्हींतून सारखंच अंतर कापावं लागतं. तीन किंवा जास्त असतील तर बसबार, म्हणजे अनेक केबल जोडायची धातूची जाड पट्टी, लावून प्रत्येकीपासून सारख्या लांबीच्या केबल आणा आणि प्रत्येकीला वेगळा फ्यूज द्या. मग लोड देऊन क्लॅम्प मीटरने, म्हणजे केबलभोवती अडकवायच्या मीटरने, प्रत्येकीचा करंट मोजा. मीटर डीसी मोजणारा हवा. नुसता एसीवाला इथे काहीच दाखवणार नाही.

केबल आणि फ्यूज

इथे गणित करायला आळस करू नका. २००० वॅटचा इन्व्हर्टर घ्या. १२ व्होल्टला भागलं तर १६७ अँपिअर, आणि इन्व्हर्टरचं स्वतःचं नुकसान धरलं तर १९० च्या आसपास. पहिला प्रश्न इथेच उभा राहतो: १०० अँपिअरचा बीएमएस असलेली एकच बॅटरी हा इन्व्हर्टर पेलू शकत नाही. दोन हव्यात, नाहीतर इन्व्हर्टर लहान हवा. केटल लावल्यावर गप्प होणाऱ्या इन्व्हर्टरमागे अनेकदा हेच असतं.

आता केबल. जाऊन-येऊन ३ मीटर लांबी धरू. २५ चौरस मिमीच्या तांब्यात १९० अँपिअरला साधारण ०.४ व्होल्ट जातात, म्हणजे ७६ वॅट नुसती उष्णता, तीही फर्निचरच्या मागे. ७० चौरस मिमीमध्ये हेच ०.१४ व्होल्टवर येतं. मी ७० च घेईन, आणि बॅटरी इन्व्हर्टरच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणेन.

करंटच्या सव्वापट फ्यूज, म्हणजे इथे २५० अँपिअरचा, आणि केबल त्या फ्यूजपेक्षा जास्त पेलणारी. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत. प्रकार महत्त्वाचा. वरचा ६ मिलिओहमचा आकडा आठवा: १३ भागिले ०.००६ म्हणजे शॉर्ट सर्किटमध्ये एका बॅटरीतून २००० अँपिअरहून जास्त करंट निघू शकतो, दोन असतील तर दुप्पट. बीएमएस तो तोडेल, पण बीएमएसचा स्विच जळून चालू स्थितीतच अडकला तर शेवटचा भरवसा फ्यूजवर असतो. साधा फ्यूज वितळला तरी आतली ठिणगी चालू राहू शकते. क्लास टी फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंतचा करंट तोडण्यासाठी बनवलेला असतो. मुख्य फ्यूज तोच लावा, महाग असला तरी.

लग हेक्स क्रिंपरने दाबा, मग जोर लावून ओढून पाहा. हातोड्याने ठोकलेला लग आज चालतो आणि खाचखळग्यांच्या रस्त्यावर सैल होतो. टर्मिनलवर आधी लग, त्यावर वॉशर, मग नट किंवा बोल्ट. लग आणि टर्मिनल यांच्या मधे वॉशर गेला तर सगळा करंट त्या स्टीलमधून वाहतो. माहितीपत्रकात दिलेल्या टॉर्कनेच आवळा.

शंट आणि चार्जरची सेटिंग

बॅटरीच्या निगेटिव्हवर एकच केबल असावी, शंटकडे जाणारी. इन्व्हर्टर, सोलर, चेसिसची अर्थ वायर, सगळे निगेटिव्ह शंटच्या दुसऱ्या बाजूला. एक जरी वायर थेट बॅटरीवर राहिली तर हिशोब चुकत जातो. शंटमध्ये तुम्ही मोजलेली क्षमता भरा, छापलेली नको. चार्जिंगची कार्यक्षमता ९९ टक्के, प्यूकर्ट (जास्त करंटला क्षमता किती घटते ते सांगणारा आकडा) १.०५, पूर्ण चार्ज समजण्याचं व्होल्टेज चार्जरच्या सेटिंगपेक्षा ०.२ ने कमी, आणि करंट क्षमतेच्या ४ टक्क्यांवर.

चार्जर कोणताही असो, ॲब्सॉर्प्शन (पूर्ण भरतानाचं व्होल्टेज) १४.२ ते १४.४, फ्लोट (भरल्यावर टिकवून धरण्याचं) १३.५ च्या आसपास. इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) बंद. तापमानानुसार व्होल्टेज वाढवण्याची सोय शून्यावर. या शेवटच्या दोन गोष्टी लेड-ॲसिडसाठी असतात आणि लिथियमला घातक ठरतात.

अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनरेटरला, बॅटरी थेट जोडू नका. एलएफपीचा रोध इतका कमी की ती अल्टरनेटर देईल तेवढं सगळं ओढते. इंजिन मंद फिरत असताना, पंख्याची हवा कमी असताना तो तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो आणि जळतो. मधे बीएमएसने अचानक बॅटरी तोडली तर व्होल्टेजचा झटका बसून त्याचे डायोड जातात. मधे डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरवरून ठरावीक करंटच घेणारा) घातला की दोन्ही धोके टळतात. सोलरसाठी नियम छोटा: कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल, काढताना उलट.

पहिल्यांदा चालू करताना

इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात. रिकामे असताना थेट जोडले तर मोठी ठिणगी उडते आणि बीएमएस शॉर्ट समजून तोडतो. मुख्य स्विच बंद ठेवून त्याच्या दोन टोकांवर २५ ते ५० ओहमचा, २५ वॅटचा रेझिस्टर काही सेकंद टेकवा, मग स्विच चालू करा.

आता दुसरी तपासणी. इन्व्हर्टरवर मोठा लोड लावा, करंट १५० अँपिअरच्या आसपास येऊ द्या आणि पंधरा मिनिटं चालू ठेवा. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या टर्मिनलवर, दुसरं त्याला लावलेल्या लगच्या नळीवर. चांगला जोड १५ मिलिव्होल्टच्या आत असतो. ८० दिसले तर १५० गुणिले ०.०८ म्हणजे १२ वॅट, नखाएवढ्या जागेत. छोट्या सोल्डरिंग आयर्नसारखाच तो जोड तापत राहतो. लोड बंद करा, जोड उघडा, पृष्ठभाग घासा, पुन्हा आवळा, पुन्हा मोजा. टर्मिनल, फ्यूजचे दोन्ही बोल्ट, स्विच, बसबार, शंट, इन्व्हर्टरचं टोक: एकही सोडू नका. फ्यूज आणि शंट स्वतः थोडे मिलिव्होल्ट खातात, ते त्यांच्या कामाचाच भाग. आपल्याला बोल्ट आणि लग यांच्यातला फरक हवा आहे. शेवटी बॅटरी टर्मिनल ते इन्व्हर्टर टर्मिनल, दोन्ही बाजू मिळून किती गेले ते काढा आणि आधी केलेल्या गणिताशी ताडा.

मग सगळं बंद करून रात्रभर शंटवर नजर ठेवा. नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर २० वॅट खात असेल तर दिवसाला ३५ अँपिअर-तासांहून जास्त जातात, एका बॅटरीचा तिसरा हिस्सा. त्याचा स्विच हाताच्या अंतरावर बसवा.

पहिल्या लांब प्रवासानंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. गाडी काही महिने उभी राहणार असेल तर बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर आणून मुख्य स्विच बंद करा. सोलर कंट्रोलर आणि डीसी-डीसी चार्जर त्या स्विचच्या कुठल्या बाजूला जोडलेत ते बघून तेही तोडा. शंट आणि बीएमएस स्वतः थेंबथेंब खातच राहतात, म्हणून दर महिन्याला व्होल्टेज टिपून ठेवा. वर्षातून एकदा क्षमतेची चाचणी पुन्हा करा, आणि नवा आकडा त्याच वहीत, जुन्या आकड्याच्या खाली, तारीख आणि तापमानासकट लिहा.